हिवाळ्यातलं मोटरहोम आणि पाण्याचा हिशेब

मोटरहोम घेऊन हिवाळ्यात आल्प्सकडे निघणारी मंडळी तयारी करतात ती थंडीची. जाड रजया, लोकरीचे मोजे, एखादा जास्तीचा हीटर, गॅसचं दुसरं सिलिंडर अशी यादी तयार होते. ती चुकीची नसते, पण अपुरी असते. जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं नाताळच्या सुटीत अशी गाडी भाड्याने घेतात, भारतातून गेलेले पर्यटकही घेतात. अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे आणि त्याचं म्हणणं एकच आहे. हिवाळ्यात गाडीत राहणाऱ्याला थंडीपेक्षा पाणी जास्त त्रास देतं. हे पाणी वाफ होऊन गाडीतल्या हवेत साठतं, काचेवर आणि गादीखाली उतरतं, नळीत आणि टाकीत गोठतं, छतावर बर्फ होऊन हवेची वाट बंद करतं. त्याचा हिशेब ज्याने ठेवला त्याला उणे १० अंशांतही गाडीत सुखाने राहता येतं. ज्याने ठेवला नाही त्याची गादी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओली लागते, मग बाहेर तापमान फक्त पाच अंश का असेना.

थंडीचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे असं मी म्हणतो, त्याला आधार आहे. युरोपात मोटरहोमच्या उष्णतारोधनासाठी एक प्रमाणक आहे, ईएन १६४६. त्यात गाड्यांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. तिसऱ्या श्रेणीची गाडी उणे १५ अंशांच्या थंड कोठडीत गारठवून ठेवतात आणि मग तिचा हीटर लावतात. चार तासांच्या आत आतलं तापमान २० अंशांवर गेलं पाहिजे आणि पाण्याची व्यवस्थाही चालली पाहिजे, अशी ती चाचणी असते. दुसऱ्या श्रेणीची चाचणी शून्य अंशावर होते. अशा गाड्यांमधला गॅसचा किंवा डिझेलचा हीटर साधारण ४ ते ६ किलोवॉटचा असतो, आणि एवढ्या लहान जागेला तो पुरून उरतो. म्हणून गाडी भाड्याने घेताना ‘हिवाळ्यात चालते ना?’ असा मोघम प्रश्न विचारण्यापेक्षा श्रेणी विचारावी. डोंगरात जायचं असेल तर तिसरीच घ्यावी. एवढं झालं की उष्णतेची मूळ बाजू भक्कम होते. पुढचं सगळं राहणाऱ्याच्या सवयींवर असतं.

आता गाडीत पाणी येतं कुठून ते पाहू. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोन माणसं आठ तास झोपली की अर्धा लिटरभर पाणी हवेत गेलं. सात मीटर लांबीच्या गाडीत मोकळी हवा असते जेमतेम २५ घनमीटर. वीस अंशांना एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे सगळी गाडी काठोकाठ भरली तरी त्या हवेत मावतं सव्वाचारशे ग्रॅम, आणि सकाळपर्यंत दोघांनी सोडलेलं असतं त्याहून जास्त. त्यात आपला स्वयंपाक. उघड्या पातेल्यातला भात, उकळणारं वरण, दिवसातून तीन वेळचा चहा यांची वाफ डोळ्यांना दिसते. न दिसणारी वाफ गॅसच्या ज्योतीतून येते. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, कारण इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. शेगडीचा एक बर्नर तासभर चालला तर पातेलं कोरडं असलं तरी जवळपास पावणेदोनशे ग्रॅम पाणी गाडीत उतरतं. याउपर बर्फात खेळून आलेल्या मुलांची जाकिटं, बूट आणि हातमोजे असतात. चौघांच्या कुटुंबात दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज हवेत जातं.

हे पाणी हवेतच राहिलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण बाष्प थंड पृष्ठभाग शोधतं. गाडीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक जागी दव धरतं. मोटरहोमच्या राहत्या भागातल्या खिडक्या दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात, त्या बऱ्यापैकी टिकाव धरतात. चालकासमोरची काच मात्र एकेरी असते. बाहेर उणे १० असताना तिची आतली बाजू शून्याच्या आसपास जाते आणि तिच्यावर आधी पाणी, मग बर्फ जमतो. काचेवरचं पाणी निदान दिसतं आणि पुसता येतं. खरा धोका असतो न दिसणाऱ्या जागी: गादीच्या खालच्या बाजूला, भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपड्यांच्या मागे, पलंगाखालच्या कप्प्यात. माणसाच्या अंगाची ऊब आणि बाष्प गादीतून खाली जातात, खालची फळी गार असते, आणि दोहोंच्या मध्ये ओल धरते. आठवड्याभरात तिथे काळी बुरशी दिसू लागते. म्हणून गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट किंवा हवा खेळू देणारी जाळीदार चटई असलेली गाडी बघावी. नसेल तर रोज सकाळी गादी उभी करून ठेवावी. भिंतीलगतचे कप्पे गच्च भरू नयेत. चांगल्या गाड्यांत वरच्या कपाटांच्या मागे मुद्दाम फट सोडलेली असते. तिच्यातून गरम हवा वर चढून भिंत कोरडी ठेवते. ती फट म्हणजे सामान कोंबायची जागा समजू नये.

समोरच्या काचेसाठी जाड थर्मल मॅट मिळते. ती आतून लावायची की बाहेरून, यावर गाडीवाल्यांमध्ये बरंच बोललं जातं. आतून लावणं सोपं आहे, बर्फात बाहेर जावं लागत नाही. पण आतून लावली की काच गाडीच्या उबेपासून तुटते, आणखी थंड होते, आणि मॅटच्या कडेने आत शिरलेली दमट हवा तिच्यावर भरपूर पाणी सोडते. बाहेरून लावली की काच स्वतःच उबदार राहते आणि दव धरत नाही. थंडीच्या दृष्टीने दोन्ही उपाय जवळपास सारखे वाटतात, ओलीच्या दृष्टीने बाहेरची मॅट सरस ठरते. शिवाय सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागत नाही.

ओल घालवायचा मुख्य उपाय म्हणजे हवा बदलणं. इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त वाटतो: पैसे मोजून तापवलेली हवा बाहेर सोडायची? याचं उत्तर आकड्यांत आहे. शून्य अंशाची हवा, ती बाहेर कितीही धुकट दिसो, घनमीटरमागे पाच ग्रॅमहून कमी बाष्प धरते. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या जवळपास उतरते. उणे १० अंशांची हवा तापली तर १५ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे बाहेरची थंड हवा ही कोरडी हवा असते. तासाला २० घनमीटर हवा बदलत राहिली, तर झोपलेल्या दोघांनी सोडलेलं सगळं बाष्प ती घेऊन जाते. एवढी हवा शून्यापासून २० अंशांपर्यंत तापवायला लागतात १३५ ते १४० वॉट, म्हणजे चोवीस तासांत पाव किलोच्या आसपास प्रोपेन. कडक थंडीत अशी गाडी दिवसाला तीन-चार किलो गॅस खाते. त्यातला दहावा भाग कोरडेपणासाठी गेला तर ती उधळपट्टी म्हणता येणार नाही. उलट ओल्या गादीत आणि दमट कपड्यांत माणसाला २० अंशही गार वाटतात आणि हीटर आणखी वाढवावा लागतो.

आपल्याकडच्या सवयी इथे आड येतात, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तेव्हा खिडकी उघडून फारसं साधत नाही, कारण बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. बाहेर ओल म्हणजे दारं-खिडक्या बंद, हा धडा आपल्या अंगी मुरलेला आहे. बर्फाच्या प्रदेशात तो उलटा पडतो. जर्मनीत घर भाड्याने घेतलेल्यांना हे ठाऊक असेल, कारण तिथे घरमालक हवा बदलण्याविषयी आवर्जून बजावतात, कधी कधी करारातही लिहितात. तीच शिस्त गाडीत जास्त काटेकोरपणे पाळावी. सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर आणि झोपायच्या आधी दार आणि समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडाव्यात. एवढ्या वेळात हवा पूर्ण बदलते, पण भिंती, फर्निचर आणि गाद्या यांत साठलेली ऊब जात नाही, त्यामुळे दार लावल्यावर गाडी पुन्हा लवकर तापते. रात्री छतावरची झडप किंचित उघडी ठेवावी. अंघोळ शक्यतो कॅम्पिंगच्या स्नानगृहात करावी. ओले बूट आणि जाकिटं गाडीत वाळत घालू नयेत. आल्प्समध्ये हिवाळ्यात सुरू असणाऱ्या चांगल्या कॅम्पिंगच्या जागी यासाठी वेगळी तापवलेली खोली असते. जागा ठरवताना ती आहे का ते विचारावं, कारण मुलं बरोबर असतील तर तिचा उपयोग वीजजोडणीइतकाच होतो. स्वयंपाकात झाकण सोडू नये. भात-वरणासाठी प्रेशर कुकर नेला तर उघड्या पातेल्यापेक्षा वाफही कमी आणि गॅसही कमी. भांडं उतरेपर्यंत वरची झडप पूर्ण उघडी ठेवावी.

काही जण ओल शोषणाऱ्या क्षारांच्या डब्यांवर भिस्त ठेवतात. कॅल्शियम क्लोराइडचा असा डबा बंद पडून असलेल्या गाडीत चांगला उपयोगी पडतो. राहत्या गाडीत त्याची शक्ती तोकडी पडते. त्यात हळूहळू अर्धा-एक लिटर पाणी साठायला कित्येक दिवस लागतात, आणि चौघांचं कुटुंब तेवढं काही तासांत सोडतं. विजेवर चालणारी ओल काढायची यंत्रं आहेत, पण कॉम्प्रेसरवाली लहान यंत्रं थंडीत मंदावतात आणि सगळ्याच यंत्रांना जागा आणि अखंड वीज लागते. दुसरा एक सल्ला सर्रास मिळतो: वीजजोडणी घ्या, पंख्याचा छोटा विद्युत हीटर लावा, त्यातून पाणी तयार होत नाही आणि गॅसही वाचतो. यातलं पाण्याविषयीचं म्हणणं खरं आहे. गाडीच्या मूळ हीटरमधूनही आत बाष्प येत नाही, कारण त्याचं ज्वलन बंदिस्त असतं आणि धूर-वाफ नळीवाटे बाहेर जाते. पण धुराडं नसलेला गॅस हीटर मात्र कधीही वापरू नये. चार किलो गॅस त्यात जाळला तर साडेसहा लिटर पाणी तुमच्या झोपण्याच्या जागेत येईल, आणि त्याहून वाईट असा कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. विद्युत हीटरची अडचण वेगळी आहे आणि ती नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. तो खोली तापवतो. गाडीचा मूळ हीटर गरम हवेच्या नळ्या फरशीखालून, टाक्यांजवळून फिरवतो. विद्युत हीटरने खोली २० अंशांवर गेली की मूळ हीटर स्वतःहून थांबतो, फरशीखाली गारठा शिरतो आणि पाण्याची नळी गोठते. वर माणसं उबेत बसलेली आणि खाली पंप फुटलेला, असं त्यातून होतं. जोडीला विद्युत हीटर लावायला हरकत नाही, मात्र मूळ हीटर बंद पडू देऊ नये.

यावरून हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला येऊ, म्हणजे वाहत्या पाण्याकडे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. आजच्या लवचीक नळ्या ते कसंबसं सोसतात. पंपाचं डोकं, पाणी तापवायची टाकी, नळांच्या आतले सांधे सोसत नाहीत. म्हणून गरम पाण्याच्या टाकीला एक सुरक्षा झडप दिलेली असते. तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की ती आपोआप उघडते आणि पाणी जमिनीवर सोडून देते. पुष्कळ जण याला बिघाड समजतात आणि झडप कपड्यांचा चिमटा लावून बंद धरून ठेवतात. तसं करणं म्हणजे हजारो रुपयांची टाकी फोडायला ठेवणं. आधी गाडी तापवावी, झडपेजवळचा भाग सात अंशांच्या वर गेला की ती हाताने बंद करावी, आणि मगच पाणी भरावं. गाडी थंड राहणार असेल, एखादी रात्र हॉटेलात काढायची असेल, तर सगळं पाणी आधीच सोडून द्यावं. त्या वेळी नळ उघडून मूठ मधोमध ठेवावी, नाहीतर गरम किंवा थंड एका बाजूचं पाणी आत अडकून राहतं. शॉवरची नळी खाली सोडावी, पंप क्षणभर कोरडा फिरवावा.

वापरलेल्या पाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत फरशीखाली बाहेर असते, आणि तिला उबेची सोय नसेल तर ती सगळ्यात आधी गोठते. यावर आल्प्समधल्या कॅम्पिंगवर रुळलेला साधा उपाय आहे. टाकीचा तळाचा नळ उघडाच ठेवायचा आणि खाली बादली लावायची. पाणी टाकीत न साठता बादलीत पडतं, गोठलं तर बादलीतच गोठतं, आणि तो गोळा सांडपाण्याच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकता येतो. बर्फावर, झाडाखाली पाणी सोडणं मात्र करू नये. ते बेकायदा आहे आणि सकाळी त्याची घसरडी लादी होते. पिण्याचं पाणी भरण्याबाबत एक गोष्ट प्रवासाची आखणी करतानाच लक्षात घ्यायला हवी. जर्मनी-ऑस्ट्रियात मोटरहोम रात्री उभं करायच्या कितीतरी सार्वजनिक जागांवर हिवाळ्यात नळ बंद करतात, कारण त्यांच्याही नळ्या गोठतात. म्हणून वाट वाकडी करून का होईना, दर दोन-तीन दिवसांनी सर्व सोयी असलेल्या कॅम्पिंगला मुक्काम ठेवावा.

गॅसचं गणित थोडक्यात सांगता येतं. जर्मनीतलं नेहमीचं सिलिंडर ११ किलोचं असतं आणि कडक थंडीत ते दोन ते चार दिवस पुरतं. म्हणून दोन सिलिंडर हवीत, आणि एक संपलं की आपोआप दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर हवा, नाहीतर पहाटे तीनला बाहेर जाऊन बदलावं लागतं. सिलिंडरमध्ये प्रोपेनच असावं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतं, ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच थबकतं. स्पेन, पोर्तुगालकडे ब्यूटेनची सिलिंडर सर्रास मिळतात, ती घेऊन डोंगरात गेल्यास सिलिंडर भरलेलं असूनही शेगडी पेटत नाही. रात्री हीटर पूर्ण बंद करून गॅस वाचवावा असं वाटतं. तसं करू नये. तापमान उतरलं की त्याच हवेची आर्द्रता वाढते, भिंती दवबिंदूच्या खाली जातात, आणि सकाळी गॅस खर्चून ओली झालेली गाडी तापवायची वेळ येते. रात्री १५-१६ अंशांवर ठेवावं. झोपही त्यात चांगली लागते.

विजेकडे जरा लक्ष हवं. हीटरचा पंखा, पाण्याचा पंप, दिवे ही सगळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, हिवाळ्याच्या लांब रात्रीत पंखा तासन्‌तास फिरतो, आणि छतावरची सौर तबकडी डिसेंबरात बर्फाखाली असते किंवा उतरत्या उन्हात नावापुरती वीज देते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. केल्यास ती कायमची खराब होते, म्हणून ती गाडीच्या उबदार भागात बसवलेली असावी. शिशाची बॅटरी थंडीत आपली बरीच क्षमता गमावते आणि रिकामी झाली तर गोठतेही. भाड्याच्या गाडीत या गोष्टी आपल्या हातात नसतात, त्यामुळे दोन रात्रींनंतर एक रात्र वीजजोडणीची ठेवणं शहाणपणाचं.

रस्त्यावरचे नियम त्या त्या देशाचे आहेत आणि ते मोडल्यास विमाही हात वर करू शकतो. जर्मनीत बर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर व हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी मानले जातात. ऑस्ट्रियात अशी सक्ती १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात असते. डोंगरी घाटात साखळ्या लागतात, त्या बसवायचा सराव कोरड्या जागी आधी करून घ्यावा. बहुतेक युरोपीय मोटरहोमची ओढ पुढच्या चाकांवर आणि भार मागच्या अंगाला असतो, त्यामुळे बर्फाच्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. जड सामान मागच्या कप्प्यात भरणं टाळावं. मुक्कामाला गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, कारण हँडब्रेक गोठून धरून बसतो. निघण्याआधी छतावरचा बर्फ काढणं ही चालकाची जबाबदारी आहे. महामार्गावर छतावरून उडालेला बर्फाचा पत्रा मागच्या गाडीची काच फोडतो. आणि डिझेल उबदार प्रदेशात भरलेलं असेल तर डोंगर चढण्याआधी ते संपवून तिथलं हिवाळी डिझेल भरावं, नाहीतर त्यातलं मेण थिजून फिल्टर तुंबतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दक्षिणेला जावं. युरोपातले हजारो निवृत्त लोक तेच करतात, ते स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. नळ्या गोठायची भीती तिथे राहत नाही, हे खरं. पण ओलीचा प्रश्न तिथे काही बाबतींत जास्त अवघड होतो. अटलांटिकच्या किनाऱ्यावर १० अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची रात्र असेल तर बाहेरच्या हवेतच घनमीटरमागे साडेआठ ग्रॅम बाष्प असतं. ती आत घेऊन २० अंशांना तापवली तरी आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे उणे १० अंशांची पाच मिनिटांची हवा जेवढी ओल नेते, तेवढी न्यायला इथे कितीतरी जास्त वेळ लागतो. ‘थंडी नाही, मग हीटर कशाला’ म्हणत तो बंद ठेवणारे तर ओलीला आमंत्रणच देतात. सौम्य आणि दमट हिवाळ्यात हीटर आणि उघडी झडप ही दोन्ही एकाच वेळी हवीत. म्हणून नवख्याने दक्षिण सोपी समजू नये.

लडाख-स्पितीकडे हिवाळ्यात कॅम्परव्हॅन नेण्याची इच्छा असणाऱ्यांना हाच हिशेब लागू आहे, वर दोन गोष्टींची भर घालून. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत साधा डिझेल हीटर काजळी धरून बंद पडतो, त्याला उंचीसाठीची वेगळी जोडणी लागते. डिझेलची अडचण मोठी होती, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं. पण भारतात भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना ईएन १६४६ सारखी श्रेणी नसते, पाण्याच्या टाक्या बहुधा उघड्यावर असतात. तिथे टाकी रिकामी ठेवून पाणी कॅनमधून आत वापरणं आणि उणे तापमानाच्या रात्री पक्क्या घरात काढणं, हाच माझ्या मते योग्य निर्णय.

शेवटचा मुद्दा जिवाचा आहे. गॅस असलेल्या प्रत्येक मोटरहोममध्ये फरशीला आणि छताला कायमच्या उघड्या फटी ठेवलेल्या असतात. गळलेला गॅस खाली उतरून बाहेर जावा आणि ताजी हवा आत यावी म्हणून त्या असतात. गार झोत लागतो म्हणून लोक त्यांत मोजे आणि फडकी कोंबतात, किंवा रात्रीतून पडलेला बर्फ छतावरची झडप आणि हीटरच्या धुराड्याचं तोंड बुजवतो. त्यामुळे आतली ओल तर वाढतेच, शिवाय अपुऱ्या ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड आत साठू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्याला तो उठू देत नाही. रोज सकाळी आणि हिमवृष्टी चालू असेल तर झोपण्यापूर्वीही धुराडं, झडप आणि फटी मोकळ्या आहेत ना, हे बाहेर जाऊन पाहावं. शेगडी खोली तापवायला कधीही पेटवू नये. गाडीची चावी घेताना मालकासमोर तीन गोष्टी पाहा: पाणी सोडायची झडप कुठे आहे, कायमच्या फटी कुठे आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबल्यावर वाजतो का. अलार्म वाजला नाही, तर त्या गाडीत एक रात्रही झोपू नका.